लाल, पिवळा, पांढरा दोरा : राजासॉरस प्रकल्पाच्या नोंदी

१० नोव्हेंबर २०२४, रविवार

दिवाळीची सुट्टी असूनही आज विज्ञान कक्ष उघडला. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून एक मोठी प्रतिकृती करायची हे दसऱ्यालाच ठरलं होतं, कशाची ते आज ठरलं. राजासॉरस या डायनासोरची, एकास तीन प्रमाणात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला उभा राहायला हवा.

राजासॉरस निवडला कारण तो आपला शेजारी. चोपड्याहून सातपुडा ओलांडला की नर्मदेचं खोरं, आणि याचं पूर्ण नावच राजासॉरस नर्मदेन्सिस. हाडं मिळाली गुजरातेत, बालासिनोरजवळच्या रहिओलीला, १९८२ ते ८४ दरम्यान. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी ती गोळा केली आणि २००३ मध्ये प्राण्याला नाव मिळालं. धार जिल्ह्यात अंड्यांची ९२ घरटी सापडल्याचं २०२३ मध्ये जाहीर झालं, तेही याच खोऱ्यात. ती अंडी याची नव्हेत, लांब मानेच्या टायटॅनोसॉरांची. पण धार आपल्याला लांब नाही, आणि मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे सातपुड्याकडे वळतात.

नववीतल्या एकाने लगेच विचारलं, "सर, मग आपल्याकडे का सापडत नाहीत?" खिडकीतून दिसणारा काळा दगड त्याला दाखवला. हा सगळा लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला. हाडं टिकतात गाळाच्या थरांत, आणि आपल्याकडे जिकडे पाहावं तिकडे लाव्हा.

मूर्तिकार आप्पाही आले होते. चाळीस वर्षं गणपती आणि पोळ्याचे मातीचे बैल करणारा माणूस. सगळं ऐकून म्हणाले, "गणपतीला हात किती, सोंड कुठे, हे ठरलेलं असतं. याचं कोणी ठरवलं?"

हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे.

१३ नोव्हेंबर

राजासॉरसची कोणती हाडं मिळाली त्याची यादी फळ्यावर लिहिली. मेंदूभोवतीची कवटी आणि तिचं छत, मणके, कंबर, मागचे पाय, शेपटीचा भाग. पुढचे हात नाहीत. तोंडाच्या पुढच्या भागासाठी मादागास्करच्या माजुंगासॉरसचा आधार घ्यावा लागणार, आणि हातांसाठी अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसचा. हे तिघे एकाच घराण्यातले, अ‍ॅबेलिसॉरिड.

मुलांचे चेहरे उतरले. त्यांना वाटत होतं, रहिओलीत अख्खा सांगाडा आडवा पडलेला असेल. एकीने विचारलं, आपल्या महाराष्ट्रातला का घेत नाही? चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा इसिसॉरस आहे, पण त्याचं तर डोकंच मिळालेलं नाही.

यातून एक गोष्ट ठरली, आणि मला ती या प्रकल्पातली सर्वांत महत्त्वाची वाटते. तयार प्रतिकृतीवर तीन रंगांचे दोरे लावायचे. याच प्राण्याच्या हाडांवरून कळलं तिथे लाल. नातेवाइकांवरून घेतलं तिथे पिवळा. आम्ही मनाने ठरवलं तिथे पांढरा. पाहणाऱ्याला प्रत्येक वितेवर कळलं पाहिजे की हे आपल्याला कशावरून माहीत आहे.

१९ नोव्हेंबर

उद्या मतदान. शाळेत केंद्र असल्याने सगळं सामान जिन्याखाली हलवलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आप्पांचा प्रश्न डोक्यातून जात नव्हता. हाडांवरून किती बरोबर कळतं हे तपासायचं तर असं जनावर हवं, जे कसं दिसत होतं हे कोणाला तरी नक्की आठवतं.

ते जनावर नानांच्या गोठ्यात मिळालं. त्यांचा बैल सर्जा चार वर्षांपूर्वी गेला. बांधाच्या कोपऱ्यात मीठ घालून पुरला होता. या उन्हाळ्यात ठिबकच्या पाइपलाइनचा चर खणताना जेसीबीला हाडं लागली. नाल्यात टाकायला नानांचं मन होईना, म्हणून त्यांनी ती धुऊन गोणीत भरून गोठ्याच्या माळ्यावर ठेवली होती. आम्ही विचारलं तेव्हा थोडा वेळ गप्प राहिले. मग स्वतःच शिडी लावली.

शाळेच्या पडवीत ताडपत्रीवर हाडं मांडली. पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर मदतीला आले, नाहीतर मणक्यांचा क्रम आमच्याच्याने लागला नसता. दोन-तीन बरगड्या, शेपटीची टोकाकडची हाडं आणि एका खुराची हाडं नाहीत. बाकी बहुतेक सगळं आहे.

मुलांना नियम घालून दिला. हा बैल आहे हे विसरायचं. बैल या पृथ्वीवर कधी पाहिलाच नाही असं धरायचं आणि हाडं जेवढं सांगतील तेवढंच काढायचं. कातडी जवळून ओढून बसवायची, जिथे हाड नाही तिथे काही जोडायचं नाही. सर्जाचा फोटो नानांकडेच ठेवला. चित्राला एक आठवडा.

१ डिसेंबर, रविवार

आज चित्र आणि फोटो शेजारी शेजारी लावले. फोटो पोळ्याचा आहे, शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरमाळ. आधी नानांना फक्त चित्र दाखवलं. बराच वेळ पाहून ते म्हणाले, "हाऊ मना सर्जा नही. वशिंड कथं शे येनं?"

वशिंड नव्हतंच. ते स्नायू आणि चरबीचं. खांद्यावरच्या मणक्यांचे काटे उंच असतात, पण ते पाहून तिथे एवढा डोलणारा उंचवटा असेल असं कोणालाही सुचणार नाही. मुलांनी पाठ सरळ उतरती काढली होती.

काय बरोबर आलं, काय चुकलं, हे आम्ही दोन तास बोलत होतो. उंची, पायांची लांबी, छातीची खोली, मानेची ठेवण यांत फारसा फरक नाही. चालण्याची ढबसुद्धा सांध्यांवरून जवळपास बरोबर धरली. डोळा योग्य जागी आला. पण गळ्याखालची पोळी नाही, कान नाहीत, नाकपुड्यांचं मांस नाही, शेपटीचा गोंडा नाही. रंग तर नाहीच. मुलांनी करडा दिला होता, सर्जा पांढरा होता, मानेकडे किंचित काळसर.

शिंगांचं सगळ्यात लक्षात राहिलं. जमिनीतून निघालेल्या कवटीवर शिंगाचं फक्त आतलं हाड आहे, खडबडीत, बारीक भोकांचं. वरची खोळ मातीत गळून गेली. मुलांनी शिंग त्या हाडाएवढंच काढलं, फोटोत ते कितीतरी लांब आहे आणि टोकाला आत वळलेलं. दिशा हाडाने सांगितली, लांबी नाही सांगितली. शिंग, खूर, नख, चोच या सगळ्यांवर केराटिनचा थर असतो, आपल्या नखांत असतो तोच पदार्थ. हाड दगड होऊन राहतं, केराटिन क्वचितच टिकतं.

मग एक गोष्ट घडली, ती नीट लिहून ठेवतो. डॉक्टरांनी पुढच्या डाव्या पायाचं सांध्याजवळचं हाड उचललं. त्याच्या कडेला फुलकोबीसारखी खडबडीत वाढ होती. ते म्हणाले, "हा पाय दुखत असणार, शेवटची वर्षं तरी." नानांनी हाड हातात घेतलं आणि त्या वाढीवरून अंगठा फिरवत राहिले. सर्जा शेवटचे दोन हंगाम डावा पाय ओढायचा. नानांनी त्याला औताला जुंपणं बंद केलं होतं, पण नेमकं कुठे दुखतंय ते त्यांना कधी कळलं नव्हतं. जे फोटोत कुठेच दिसत नाही ते हाडाने सांगितलं.

डायनासोरांचंही असंच आहे. कॅनडात एडमोंटोसॉरसची शेकडो हाडं मिळाली, पण त्याच्या डोक्यावर कोंबड्यासारखा मांसल तुरा होता हे २०१३ मध्ये कळलं, तेही एका नमुन्यात कातडीचा ठसा टिकला म्हणून. त्या तुऱ्याच्या खाली कवटीवर त्याची काही खूण नाही. आमच्या गल्लीतला कोंबडा मेला आणि त्याची कवटीच तेवढी हाती आली, तर त्याचा तुरा कोणी काढला असता का?

८ डिसेंबर

वजनाचा प्रयोग. चार पायांवर चालणाऱ्या जनावराचं वजन त्याच्या दंडाच्या आणि मांडीच्या हाडांच्या घेरावरून काढता येतं. ज्याच्यावर भार, तो खांब तेवढा जाड, इतकं साधं तत्त्व. घेर मिलिमीटरमध्ये घ्यायचे, बेरीज करायची, तिचा साधारण पावणेतीनवा घात काढायचा आणि ठरलेल्या आकड्याने गुणायचं. हे सूत्र २०१२ मध्ये शेकडो जिवंत प्राण्यांच्या मापांवरून बसवलं गेलं.

मुलींनी सुतळीने हाडांचा सर्वांत बारीक भाग मोजला. १३९ आणि १३३, बेरीज २७२. उत्तर आलं ३८८ किलो. डॉक्टरांनी पूर्वी औषधाचा डोस ठरवताना सर्जाच्या छातीचा घेर घेऊन वजन काढलं होतं, ते त्यांच्या वहीत ४२० किलो आहे. या सूत्रात सरासरी पाव भाग इकडेतिकडे होतो असं त्याच्या कर्त्यांनीच सांगितलं आहे, त्या मानाने आमचं फार जवळ आलं. यावर विसंबायचं नाही हेही मुलांना सांगितलं. राजासॉरस दोन पायांवर चालणारा, त्याचा हिशेब वेगळा.

लांबीचंही तसंच. सुरुवातीचे अंदाज ९ मीटरपर्यंत जात होते, २०१६ मध्ये नातेवाइकांशी मापं ताडून ६.६ मीटर काढली गेली. आम्ही ६.६ धरतो, म्हणजे आमचा राजासॉरस २.२ मीटरचा. प्राणी तोच, हाडं तीच, तरी अडीच मीटर कमी झाले.

१५ डिसेंबर, रविवार

सांगाड्याचं काम सुरू. आप्पा काल दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन आले, घोडे पाहून आले की त्यांचा हात चांगला चालतो असं त्यांच्या मुलाचं म्हणणं. बारा मिलिमीटरची सळई, वर कोंबडीजाळी. आप्पांनी सवयीने शेपटी जमिनीला टेकवली, म्हणजे तीन टेकू मिळतात आणि मूर्ती पडत नाही.

शेपटी वर घ्यायला सांगितलं तेव्हा त्यांनी कारण विचारलं, आणि मला इग्वानोडॉन या डायनासोरची गोष्ट सांगावी लागली. इंग्लंडात १८२५ मध्ये त्याला नाव मिळालं तेव्हा हाताशी मोजकेच दात होते. नंतर थोडी हाडं मिळाली, त्यांत एक टोकदार सुळका होता. तो नाकावर बसवला गेला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेत १८५४ मध्ये गेंड्यासारखा, नाकावर शिंग असलेला इग्वानोडॉन उभा राहिला, तो अजून तिथे आहे. १८७८ मध्ये बेल्जियमच्या बर्निसार गावात कोळशाच्या खाणीत अख्खे सांगाडे निघाले आणि कळलं की तो सुळका अंगठ्याचा आहे.

आप्पा म्हणाले, "मग अख्खे मिळाल्यावर बरोबर झालं ना?" तेव्हाही नाही झालं. जीवाश्मतज्ज्ञ लुई डोलो यांनी ते सांगाडे कांगारूसारखे, शेपटीवर टेकून उभे केले. त्यासाठी शेपटीला असा बाक द्यावा लागला जो हाडं शाबूत ठेवून देता येत नाही. शेपटीवर हाड झालेल्या स्नायुबंधांची जाळी होती, ती शेपटी ताठ ठेवायला होती. आणि पायांच्या ठशांचे दगड जगभर मिळाले, त्यांत शेपटी घासल्याची रेघ जवळपास कुठेच नसते. डायनासोर शेपटी उचलून चालायचे.

आप्पांनी काही न बोलता शेपटीची सळई कापली आणि पुन्हा वेल्डिंगला दिली. आता पुढचं धड आणि मागची शेपटी कंबरेवर तराजूसारखी तोललेली आहेत. पायांखाली लोखंडी पाट जोडला आहे, टेकूची गरज पडली नाही.

२२ डिसेंबर

आज स्नायू. मुलांची समजूत होती की स्नायू म्हणजे पूर्ण अंदाज. डॉक्टरांनी सर्जाच्या मांडीचं हाड त्यांच्या हातात देऊन डोळे मिटून बोटं फिरवायला लावलं. गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एकदम खरखरीत पट्टा. जिथे स्नायू हाडाला धरतो तिथे खूण राहते. जेवढा ओढ घेणारा स्नायू, तेवढी ठसठशीत खूण.

राजासॉरससारख्यांच्या मांडीच्या हाडावर मागच्या बाजूला एक उंचवटा असतो. मगरीतही तो असतो, आणि तिथे कोणता स्नायू धरतो हे मगर फाडून पाहता येतं. शेपटीच्या मुळापासून मांडीपर्यंत येणारा, पाय मागे खेचणारा जाडजूड स्नायू. बैलाची शेपटी म्हणजे माश्या वारायचा दोर, त्यात पाय ओढण्याची ताकद नसते. इथे मात्र शेपटीचं मूळच इंजिन आहे. कार्नोटॉरसच्या शेपटीच्या मणक्यांची बाजूची पाखं वर उचललेली होती, त्याखाली या स्नायूला भरपूर जागा होती हे २०११ मध्ये दाखवलं गेलं.

जे मगरीत आहे आणि पक्ष्यातही आहे, ते डायनासोरातही होतं असं धरायला जागा आहे. मगर डायनासोरांच्या भावकीतली, पक्षी तर त्यांच्या घरातलाच. दोघांपैकी एकातच असेल तर जपून बोलायचं. दोघांतही नसेल तर हाडावर खूण असल्याशिवाय बोलायचं नाही.

आप्पांनी शेपटीचं मूळ आधी बारीक केलं होतं, सरड्यासारखं. आता गोणपाट पीओपीत बुडवून तीन थर चढवले. मांडीपाशी ते एवढं जाड झालं की मुलांना विचित्र वाटतंय. मला ते आता बरोबर वाटतं.

५ जानेवारी २०२५, रविवार

कातडी. या प्रकल्पातलं मला सर्वांत आवडलेलं काम.

राजासॉरसची कातडी मिळालेली नाही. पण कार्नोटॉरसची मिळाली आहे, खांद्यापासून शेपटीपर्यंतचे वेगवेगळे तुकडे, आणि पिसांचा मागमूस नाही. बारीक मण्यांसारखे खवले, त्यांत मधूनमधून चार-पाच सेंटिमीटरचे मोठे, बोथट सुळक्यासारखे. पूर्वी चित्रकार हे मोठे खवले ओळीत काढायचे, माळ घातल्यासारखे. २०२१ मध्ये त्या कातडीचा पुन्हा अभ्यास झाला, आणि ते ओळीत नसून विखुरलेले आहेत असं दिसलं.

बारीक खवले खऱ्या मापात पाच मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या प्रमाणात मोहरीच्या दाण्याएवढे. मुलांनी कागदाच्या ओल्या लगद्यावर मोहरी दाबून पाहिली. वाळल्यावर मोहरी काढली तर खड्डे राहिले, उंचवटे नाहीत. बारक्या इडलीसारखी जाळी दिसत होती. अख्खा एक मांडीचा भाग खरवडून काढावा लागला, दोन दिवस गेले.

उपाय आप्पांच्या घरातून आला. शाडूच्या तळहाताएवढ्या वडीवर मोहरी दाबायची, शाडू वाळला की दाणे टोकरून काढायचे. राहिली खड्ड्यांची वडी, तोच शिक्का. तो लगद्यावर दाबला की उंचवटे उठतात. गणपतीच्या दागिन्यांचे साचे असेच उलटे कोरतात. एका वडीचा शिक्का सारखा वापरला की नक्षी पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून मुलींनी नऊ वेगवेगळ्या वड्या केल्या. मोठ्या खवल्यांसाठी वाटाण्याएवढ्या लगद्याच्या गोळ्या. कुठे लावायच्या हे ठरवायला एका लहान मुलाला डोळे झाकून बोट ठेवायला सांगितलं, कारण आमचा हात नकळत ओळ धरतो.

लगद्यात मेथीची पूड घातली आहे, कीड लागू नये म्हणून. कक्षात सध्या मेथीचा वास आहे.

१२ जानेवारी

हात बसवले. पिवळा दोरा लागणार. कार्नोटॉरसवरून काढलेले, इतके लहान की मुलं पुन्हा पुन्हा मोजतात. सर, एवढेच? हो, एवढेच.

मग दात. आप्पांनी ओळीने सगळे बाहेर दाखवले होते, मगरीसारखे. मी आधी तेच मान्य केलं होतं. पण २०२३ मध्ये टायरॅनोसॉरसच्या दातांवर झालेलं काम वाचलं आणि बदललं. मगरीचे दात कायम उघडे, त्यामुळे बाहेरच्या बाजूचं दंतवल्क झिजतं. टायरॅनोसॉरसच्या दाताचं तसं झिजलेलं नव्हतं. कवटीच्या मानाने त्याचे दात मोठे नव्हते, घोरपडीच्या कुळातल्या सरड्यांचे दात याहून मोठे असूनही ओठांत झाकले जातात. यावर वाद संपलेला नाही, आणि राजासॉरस टायरॅनोसॉरस नव्हे. तरीही आम्ही ओठ दिले. तोंड मिटलं की दात दिसत नाहीत. तीन मुलं नाराज आहेत. ओठांवर पांढरा दोरा.

१९ जानेवारी

शिंग. राजासॉरसच्या कपाळावर एकच बुटकं शिंग, हाडाचं, त्याला लाल दोरा. त्यावर खोळ किती उंच होती? इथे सगळी मुलं एकदम बोलायला लागली, कारण सर्जाची कवटी टेबलावरच होती. एक गट म्हणाला, सर्जाच्या हाडाच्या किती पट खोळ होती ते काढू आणि तेवढ्या पटीने वाढवू. मी नाही म्हणालो. बैलाचं शिंग आणि राजासॉरसचं शिंग यांची वाढ एकाच नियमाने झाली असं धरायला आधार नाही. आम्ही हाडावर थोडी जाड खोळ दिली, बोथट ठेवली. हाडापर्यंत लाल दोरा, त्याच्या वर पांढरा. लाल आणि पांढरा जिथे भेटतात ती रेघ मी स्वतः आखली.

२ फेब्रुवारी, रविवार

रंगावरून आज खरा वाद झाला. बहुतेकांना हिरवा हवा होता. का हिरवा, तर बाजारातले सगळे खेळण्यातले डायनासोर हिरवे असतात.

काही डायनासोरांचा रंग आज आपल्याला माहीत आहे, हे मुलांना खरं वाटेना. १९९६ मध्ये चीनमध्ये सापडलेल्या सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या अंगावर पिसांसारखी लव होती. त्या लवेत मेलॅनोसोम नावाच्या रंगाच्या सूक्ष्म पिशव्या टिकल्या होत्या. लांबट पिशव्या काळ्या छटेच्या, गोलसर पिशव्या तांबूस छटेच्या, हे आजच्या पक्ष्यांच्या पिसांवरून कळतं. २०१० मध्ये जाहीर झालं की त्याच्या शेपटीवर तांबूस आणि पांढरट पट्टे होते. सिटाकोसॉरस वर गडद आणि पोटाकडे फिका होता, हे २०१६ मध्ये दाखवलं गेलं. कॅनडातल्या खाणीत निघालेल्या बोरियालोपेल्टावर तांबूस छटा मिळाली, आणि तोही पोटाकडे फिका.

राजासॉरसच्या बाबतीत यातलं काहीच हाती नाही. आप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, रंग नाही दिला तर मूर्ती मेलेली दिसते." मला हे पटलं. ज्याला लोक प्राणी म्हणून पाहणार नाहीत त्याचे दोरे कोण वाचणार? म्हणून उजवी बाजू पूर्ण रंगवायची, मातकट तपकिरी, पोटाला फिकी, पाठीवर अंधूक पट्टे. डावी बाजू लगद्याच्या मूळ रंगातच ठेवायची. समोर उभं राहिलं की अर्धा रंगीत, अर्धा कोरा.

१६ फेब्रुवारी

दोरे. सूत चोपड्याच्या बाजारातून आणलं. शिवायची दाभण उष्णतेने लाल करून लगद्याला बारीक भोकं पाडली आणि त्यांतून दोरे ओवले. दिवसभर मुलं कोणता दोरा कुठे यावर भांडत होती, आणि मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. कंबर लाल. मांडी लाल, पण तिच्यावरचा स्नायू लाल की पिवळा? खूण हाडावर, पण स्नायूची जाडी मगरीवरून. शेवटी दोन्ही दोरे एकत्र पिळून लावले.

सर्व झाल्यावर लांबून पाहिलं. पायांपासून शेपटीपर्यंत लाल भरपूर आहे. चेहऱ्याकडे जावं तसं लाल कमी आणि पिवळा जास्त होतो. जो भाग लोक सर्वांत आधी पाहणार, त्याच्यावर लाल सर्वांत कमी आहे. पाठीच्या कण्यावर एका ठिकाणी सातवीतल्या मुलीने एक पांढरा दोरा नुसता लोंबता सोडला. कशाचा, म्हणून विचारलं. "सर, वशिंड असेल तर."

तो तसाच ठेवला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. शेजारच्या चार शाळांची मुलं आली. लहान मुलं दातांसाठी येतात, दात दिसत नाहीत म्हणून वाकून ओठ पाहतात आणि मग दोरे विचारतात. आमचीच मुलं सांगत होती, मी बहुतेक वेळ मागे उभा होतो. एका पाहुण्या शिक्षकांनी विचारलं, हे किती टक्के बरोबर आहे? आठवीतल्या मुलाने त्यांना कंबरेपाशी नेलं, मग ओठापाशी नेलं, मग शेपटीच्या मुळापाशी. तीन ठिकाणची तीन उत्तरं दिली.

आप्पांनी दुपारी एकट्याने प्रतिकृतीला फेरी घातली. म्हणाले, पुढच्या वेळी मान आणखी भरीव करू. मला वाटतं त्यांचं बरोबर आहे, मानेच्या स्नायूंना आम्ही कमी जागा दिली.

४ मार्च

दुरुस्त्या: डाव्या घोट्याजवळ तडा, लगदा आणि फेव्हिकॉलने भरला. दोन पिवळे दोरे मुलांच्या हाताने सुटले, पुन्हा ओवले. मानेवर एक थर वाढवायचं काम एप्रिलमध्ये, परीक्षेनंतर.

नाना आज सर्जाची हाडं न्यायला आले. बांधाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, जिथून पाइपलाइन जाणार नाही, तिथे पुन्हा पुरायची आहेत. कवटी मात्र त्यांनी शाळेला ठेवायला दिली. राजासॉरसच्या आधी, दाराशीच, कवटी, मुलांनी काढलेलं चित्र आणि पोळ्याचा फोटो असं मांडणार आहोत. एका मुलाने विचारलं, चित्रात आता वशिंड काढून टाकू का, म्हणजे जोडू का? नाना नको म्हणाले. "हाडकं सांगतस तितलंच राहू द्या. फोटू शे ना बाजूले."

फोटोला काच आणि चौकट उद्या चोपड्याहून.